भिंतीपलीकडचा ट्रंक कॉल

दिवेलागणीला उकंडराव दुकानाच्या फळ्या लावत होते. नांदुऱ्याच्या कापूस बाजारात त्यांचं आणि रंगरावांचं अडतीचं दुकान शेजारीशेजारी, मध्ये एकेरी विटेची भिंत. रंगरावांना जाऊन महिना होत आला होता, दुकानाला कुलूप होतं, तरी उकंडरावांचा डोळा जाता-येता तिकडेच वळायचा. जुनी सवय, दुसरं काय.

दोघे कापसातून सरकी काढणाऱ्या एकाच जिनात हमाली करून वर आलेले. तिथल्याच यंत्रात रंगरावांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धं गेलं होतं. पण त्या अर्ध्या बोटानंच ते असा सौदा जमवत की शेतकरी दुसऱ्याकडे फिरकत नसे. उघड लिलावाचा नियम आला, तरी जुनी माणसं रुमालाखालीच बोलत. दोघांचे हात कापडाखाली, बोटं दाबून भाव, तिसऱ्याला पत्ता नाही. शिवाय मुंबईचा भाव रंगरावांना सगळ्यांच्या आधी कळे, मेहुण्याच्या तारेनं. ते उकंडरावांच्या पोटात दुखे. थोडंथोडकं नाही, ताटातलं जेवण कडू लागावं इतकं.

मग उकंडरावांनीच एकदा रंगरावांना सल्ला दिला होता. "तार काऊन मागवतं बे? पोस्टातला बाबू वाचते, शिपाई वाचते, मंग तुले भेटते. टेलिफोन घे. बोलणारा एक, ऐकणारा एक."

"हे मले काऊन सुचलं नाही?" रंगराव म्हणाले होते.

भिंतीचं तेवढं उकंडराव बोलले नाहीत. त्या काळी मुंबईचा ट्रंक कॉल म्हणजे बेंबीच्या देठापासून ओरडायचं काम. रंगराव पलीकडे ओरडत, उकंडराव अलीकडे कान लावून उभे. सौदे एकेक करून इकडे आले. बातमी फोडल्याचा आळ रंगरावांनी मुनीम गुलाम रसूलवर घेतला आणि आयुष्यभराचा इमानी माणूस हाकलला. एका दुपारी टेलिफोनवर ओरडता ओरडताच ते खुर्चीतून कलंडले. उकंडरावांनी भिंतीतून तेही ऐकलं.

आता उकंडरावांनी शेवटची फळी उचलली आणि पलीकडे घंटी वाजली.

सरकीचा, दमट पोत्यांचा वास एकदम दाट झाला. समोरच्या हॉटेलातून गुलाम रसूल बाहेर पडत होता. उकंडरावांनी त्याला थांबवलं.

"रंगरावाचा टेलिफोन हाय का रे अजून आत?"

"कुठला टेलिफोन, शेठ... डबा तं खात्याची माणसं घेऊन गेली. वायर बी कापली."

घंटी अजून वाजतच होती. गुलाम रसूलला ती ऐकू येत नव्हती. तो सलाम करून निघून गेला, आणि पलीकडे कुणीतरी टेलिफोन उचलला.

दुसरा कोणी असता तर घरी पळाला असता. उकंडरावांना भीती नंतर आली, आधी आग झाली. मेल्यावरही याला भाव आधी! त्यांनी आत जाऊन भिंतीला कान लावला. वीट गार होती.

"हाव... ऐकू येऊन राह्यलं..." आवाज रंगरावांचाच, पण ओरडणं नव्हतं. अगदी हळू. "नाही... टेलिफोनवर नोको... हाव, इथंच हाय तो. भिंतीले कान लावून उभा हाय..."

उकंडरावांना कान काढता येईना.

"उद्या सांगतो त्याले... रुमालाखाली."

दुसऱ्या दिवशी उन्हात बाजार भरला. गाड्या, बैल, आरडाओरडा. उकंडरावांना कालचं आठवून स्वतःचंच हसू आलं. त्यात म्हातारे महादेवराव, जन्मभर रंगरावांकडेच कापूस घातलेले, आज आपली गाडी घेऊन यांच्या दारात आले. उकंडरावांची छाती फुगली. त्यांनी खांद्यावरचा रुमाल दोघांच्या मध्ये पसरला आणि हात खाली घातला.

हात आला. थंड होता. एकेक बोट दाबलं गेलं, सावकाश, ओळखीच्या पद्धतीनं... आणि मग अर्ध्याच बोटाचं बोथट टोक तळहातावर टेकलं. उकंडरावांनी हात ओढला. तो सुटेना.

"महादेवराव," त्यांनी कसंबसं म्हटलं, "हात... सोडा ना जी."

महादेवराव तळहातावर तंबाखू मळत होते. मळता मळताच त्यांनी वर पाहिलं.

"म्या कुठं घातला अजून, शेठ?"