ठोक्यावर बसवलेली पावलं

नाचाच्या मशीनसाठी पावलं लिहिणं हाही व्यवसाय असतो, हे आमच्या वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही. ते लोकांना सांगायचे, पोरं कॉम्प्युटरमध्ये आहेत. प्रत्यक्षात आम्ही कॉम्प्युटरसमोरच्या पायपट्टीवर होतो. पट्टीवर चार दिशांचे चार बाण, मागे धरायला लोखंडी दांडा, समोर पडदा. गाणं सुरू झालं की पडद्यावर खालून बाण वर सरकतात. बाण वरच्या रेघेला टेकला की त्या दिशेला पाय आपटायचा. पाऊल कुठं पडणार हे ते पडायच्या आधी दिसतं, एवढीच या खेळाची हुशारी. तेवढ्यावर या मशीनांनी एक अख्खी पिढी घामाघूम केली. मग मोबाइल आला आणि ती पिढी खाली बसली.

आता आमच्या भागीदाराला त्या मशीनचा नवा अवतार काढायचा होता. पावलं लिहायची माझ्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे ताईनं. ती पट्टीवर नाचायची आणि मशीन नोंद घ्यायचं. त्या नोंदीला आम्ही चार्ट म्हणतो. माणसाचा पाय नेमका ठोक्यावर कधीच पडत नाही. किंचित आधी, नाहीतर किंचित उशिरा. ते मी निस्तरायचो. सगळी पावलं निवडायची, एक बटण दाबायचं, सगळी ठोक्यावर. या कामाला आम्ही झाडू मारणं म्हणायचो.

यंदा ताईचा घोटा मोडला. ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं, पण डावा पाय मागं रेंगाळू लागला. जिन्यात ती मध्येच थांबायची आणि कुणी बघितलं तर मोबाइल काढून मेसेज वाचल्यासारखं करायची. "पट्टीवर परत उभी राहीन, तेव्हा मी बरी झाले म्हण," एवढं ती एकदाच बोलली. "कुणीतरी तरुण बघून ठेवू या," असं भागीदार मात्र रोज बोलायचा. अर्थात तिच्या तब्येतीच्या काळजीपोटी.

त्यामुळे चाचणीच्या मशीनवर एक अनोळखी चार्ट सापडला, तेव्हा माझा संशय कुणावर गेला हे सांगायला नको. त्याला नाव नव्हतं, गाणं नव्हतं. नुसते बाण.

"कुणाला आणून नाचवलंस?" मी भागीदाराला विचारलं.

"अरे, मला माझ्या लग्नात कुणी नाचवू शकलं नाही. मी कुणाला नाचवणार?"

"मग हे काय आपोआप उगवलं?"

"मशीन जुनं आहे. म्हाताऱ्या माणसासारखं बडबडत असेल एकटंच."

विचारल्यावर विनोद करणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही. मी स्वतः तेच करतो. पट्टीची वायर काढून पिशवीत घातली, खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात ठेवली. सकाळी चार्ट आणखी वाढलेला. म्हणजे किल्लीची नक्कल केली असणार. वायर नसताना पट्टी कशी चालली, हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवला. संशय पक्का असला की असे प्रश्न आड येत नाहीत.

शिवाय चार्ट लिहिणारा अगदीच कच्चा होता. उजवा, डावा, उजवा, मग लांबलचक शांतता, पुन्हा चार-दोन पावलं. नाच म्हणावं असं त्यात काही नव्हतं. आणि प्रत्येक डावं पाऊल उशिरा. दुसऱ्याचं गचाळ काम दिसलं की आमच्या जमातीचे हात शिवशिवतात. मी झाडू मारला आणि सवयीनं सेव्हही केलं.

थोड्याच वेळात ताई आली. जिना न थांबता चढून.

"बघितलंस?" ती टेबलांमधून फेऱ्या मारू लागली. "डॉक्टर म्हणाले होते, वेळ लागेल. आणि आत्ता रस्त्यात एकदम सुटला बघ पाय!"

भागीदारानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आमच्या टाळ्या तिच्या पावलांवर तंतोतंत बसत होत्या, ते मला आवडलं नाही.

मी आत जाऊन चार्ट लावला. तो आपोआप पुढं पळाला आणि एका जागी येऊन सावकाश सरकू लागला. उजवा बाण खालून निघाला, वर आला, रेघेला टेकला. बाहेर चप्पल वाजली. डावा बाण. चप्पल. भागीदारानं छुपा कॅमेरा लावला असणार, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण कॅमेऱ्याला झालेलं दिसतं. मला अजून न झालेलं दिसत होतं.

"ताई, जरा थांब!" मी आतूनच ओरडलो.

"थांबते की," ती म्हणाली.

पडद्यावर अजून बाण होते. ती थांबली नाही.

मी चार्टचं शेवटचं टोक काढलं. रोज वाढणारा चार्ट झाडू मारल्यापासून तसूभरही वाढला नव्हता. आत्ताच्या पावलापासून मोजलं, तर आज संध्याकाळपाशी तो संपत होता. पुढं सगळं कोरं.

पुसलेला उशीर परत आणायला गेलो. परत येईना.

कोऱ्या जागेचा अर्थ मी स्वतःला विचारला नाही. शेवटची पावलं निवडली, कॉपी केली, पुढं चिकटवली. पुन्हा चिकटवली. बोटं दुखेपर्यंत चिकटवत राहिलो.

संध्याकाळी ताईच्या घरी गेलो. भावोजींनी दार उघडलं.

"मजेत आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "फक्त बसत नाहीये."

ताई आतल्या खोलीत होती. खिडकीपासून कपाटापर्यंत, तिथं वळून पुन्हा खिडकीपर्यंत.

"आलास? बस ना," ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली.

मी पलंगाच्या कडेला बसलो. तिचा श्वास लागला होता. पावलं मात्र सुरेख पडत होती.

कपाटाशी वळताना, कामाची एखादी बारीक चूक दाखवावी तशी, ती हलक्या आवाजात म्हणाली, "हा तुकडा सारखा सारखा येतोय रे. पुढचं काही सुचलं नाही का तुला?"