कातरीतून सुटलेलं हसू

ताडाचा रस कढईत चढला की चूल सोडून हलता येत नाही. नजर चुकली की गूळ करपतो. म्हणून सिनेमावाले आमच्या घरात शूटिंग करत होते तेव्हा मी मागच्या अंगणात कढईशी बसले होते. थायलंडातल्या ह्या फेचबुरी गावात आमच्याइतकं देखणं सागवानी घर दुसरं नाही, आणि ते तसं कुणी राखलं हे गावाला विचारा.

सिनेमा जुन्या काळच्या सरदाराच्या तरुण बायकोचा, उघड्यावाघड्या अंगांचा. म्हातारा सरदार सुरुवातीलाच मरतो. त्यानं नुसतं निजून राहायचं. ते काम आमच्या ह्यांना मिळालं. निजणं त्यांना जन्मभर छान जमलं.

आमच्याकडे सिनेमात मेलेल्यानं शॉट संपून उठल्याबरोबर कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, म्हणजे अपशकुन मोडतो. ते हसू मागाहून कापून टाकतात. संध्याकाळी मी विचारलं, "हसलात ना?"

"हसलो गं बाई."

भातकापणीच्या आत हे खरोखरीच गेले.

थिएटरात तो प्रसंग दिसलाच नाही. फार चावट म्हणून सबंधच कापला होता. मध्यंतरी सून लमाय घरी बघायची डीव्हीडी घेऊन आली. "आई, ह्यात काहीच कापलेलं नाही. बाबा दिसतील."

शेजारची चलुआय लगेच येऊन बसली. ती काही आमच्या ह्यांना बघायला आली नव्हती.

तरुण बायको झालेली ती नटी, फिकुन, ह्यांच्या उजव्या तळव्यावर सुगंधी पाणी ओतत होती, आपण मयताच्या हातावर ओततो तसं. ओतता ओतता खांद्यावरचं वस्त्र घसरलं. घसरलं कसलं, घसरू दिलं. गोरी पाठ ह्यांच्यावर वाकली.

"अगंबाई, बोटं हलली!" चलुआय खिदळली. "सम्नियांगताई, तुझं मयत भलतंच जिवंत गं!"

ह्यांनी तिचा हात धरला होता. मग उठून बसले आणि हसले. कॅमेऱ्याकडे नाही. तिच्याकडे.

ते हसू मी संसारात कधी पाहिलं नव्हतं.

"दाढ दुखत असेल," मी म्हणाले आणि चलुआयला घरी पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी गूळ उतरवून मी एकटीच बघायला बसले. हसू जास्त वेळ टिकलं. पुन्हा लावलं. आता हसून झाल्यावरही ह्यांनी हात सोडला नाही.

"लमाय, काल इतका वेळ धरला होता का गं हात?"

तिनं उभ्याउभ्या पाहिलं. "कुठे, आई? बाबा उठले, हसले, संपलं की."

पोरीचे डोळे कच्चे. मी रोज दुपारी बघू लागले. फिकुनच्या हातातलं भांडं रिकामं व्हायचं, तरी पाणी पडतच राहायचं. घरात मोगऱ्याचा वास येऊ लागला. मी लमायच्या तेलाला नावं ठेवली. ती म्हणाली, "मी तेल लावतच नाही, आई."

त्या दुपारी फिकुननं ह्यांच्या कपाळावर ओठ टेकले. हे आधी नव्हतं.

"अहो," मी म्हणाले, "लग्नाची बायको इकडे बसलीय. इकडे बघा."

त्यांनी मान वळवली.

फिकुननं वस्त्र सावरलं. बाजूला सरकून तिनं मला जागा करून दिली.

ते हसले. तेच हसू. माझ्याकडे बघून.

मग त्यांनी हात पुढे केला.

लमाय आत आली तेव्हा टीव्ही काळा होता. "आई, वीज सकाळीच गेलीय. काळ्या काचेत काय बघताय?" मग तिचं लक्ष माझ्या मांडीवर गेलं. "तुमच्या उजव्या मुठीतून पाणी गळतंय."

"गळू दे."

"मूठ तरी उघडा."

उघडली नाही. ह्यांचा हात परत सोडायला मी काय खुळी आहे? आता चमचा डाव्या हातात धरते. भात जरा सांडतो, एवढंच.