आईची मुलाखत

त्यांची पहिली भेट तिच्या पडण्यानेच झाली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात, स्त्री-इतिहास विभागात, ती जुन्या फोटोंचं खोकं घेऊन चालली होती आणि त्याने जमिनीवर पसरलेल्या माइकच्या वायरीत तिचा पाय अडकला. फोटो चहूकडे विखुरले. तो गुडघ्यांवर बसून गोळा करू लागला.

"वायर जुनी आहे," तो म्हणाला, "पण माणसं बरोबर निवडते."

ती हसली नाही. म्हणजे, त्याच्यासमोर हसली नाही.

कष्टकरी बायकांनी आपली कहाणी आपल्या तोंडाने सांगावी आणि विभागाने ती जपून ठेवावी, असा उपक्रम होता. प्रश्न ती विचारायची, ध्वनिमुद्रण तो करायचा. "स्त्री-इतिहास, चहा घेणार?" असं तो तिला चिडवू लागला. हेडफोन तिच्या कानांवर चढवताना त्याची बोटं जरा जास्तच रेंगाळू लागली... आणि तिलाही घाई नसायची. घरी कोण असतं, असं त्याने विचारलं तेव्हा मात्र ती चटकन म्हणाली, आई असते, शिवणकाम करते. खरं तर आई याच विद्यापीठाच्या वसतिगृहात भांडी घासायची.

मग एका दुपारी तो खुशीत सांगत आला, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या एक मावशी मुलाखतीला तयार झाल्यात. पाठोपाठ दार उघडलं आणि आत आली ती आई. लेकीला चकित करायचं म्हणून घरी चकार शब्द काढला नव्हता. अंगावर ठेवणीतले कपडे, पाण्याने भेगाळलेली बोटं मुठीत लपवलेली.

लेकीचा चेहरा खर्रकन उतरला. आईने तो एका नजरेत वाचला.

"बसू का, मॅडम?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लेकीला झालं. तरी ती प्रश्न विचारत राहिली. मुलाबाळांचा प्रश्न तिने गाळलाच, पण आईने आपणहून सांगितलं, "एक मुलगी आहे. पुष्कळ शिकली. लांब असते."

लेकीने प्रश्नांचा कागद मिटला.

आई गेल्यावर तो वायर गुंडाळू लागला. "ती माझी आई आहे," ती म्हणाली.

त्याचे हात थांबले. "शिवणकाम...?"

"खोटं बोलले. तुला कळलं असतं तर तू..." तिने मान खाली घातली. "तिची लाज वाटायची मला. आता माझीच वाटते."

त्याने वायर टेबलावर ठेवली. "मला सांगून काय होणार?" तो हळूच म्हणाला. "जिना उतरायला त्यांना वेळ लागतो. जा ना."

ती धावली. आई जिन्याच्या वळणावर कठडा धरून उतरत होती. तिने आईचे दोन्ही हात धरले आणि त्यांत तोंड लपवून रडली. लोक बघतायत, असं आई पुटपुटत राहिली. बघू देत, म्हणत लेकीने तिला वर आणलं आणि विभागप्रमुख बाईंपासून वाचत बसलेल्या विद्यार्थिनींपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही माझी आई."

आवाज कापला. पण गेला सगळ्यांपर्यंत.

आईने डोळे टिपले. मग तिची नजर, माइक हातात धरून कधीपासून उभ्या असलेल्या त्याच्यावर गेली.

"आणि हे तुझे कोण गं?"

लेकीचे कान तापले. "हा..."

"सांग ना," तो म्हणाला. "मलाही ऐकायचंय."

"हा माझा," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "म्हणजे — त्याला विचारायचं राहिलंय अजून... पण माझाच."