चार मिनिटांची खरखर

बुधवारी सकाळी अकरा वाजता राजारामपुरीतल्या हुपरीकरांच्या दिवाणखान्यात एकच सिनेमा दोनदा चालू होता. भिंतीच्या डाव्या अर्ध्या भागावर तेहतीस वर्षांपूर्वीची डीव्हीडी, आणि उजव्या अर्ध्या भागावर कंपनीने पाठवलेली नवी ‘दिग्दर्शकाची आवृत्ती’. डीव्हीडी चालवणारं यंत्र मिळवायला वैजयंताबाई माळकरांना अर्धं कोल्हापूर पालथं घालावं लागलं होतं. शेवटी एका दुकानदाराने शोभेच्या कपाटातून काढून दिलं आणि वर विचारलं, “काकू, ह्यात घालत्यात तरी काय?”

वैजयंताबाई ‘तळ क्रमांक आठ’ या सिनेमाच्या संकलक. काय ठेवायचं आणि काय कापायचं, हे काम त्यांचं. आता सहासष्टाव्या वर्षी त्या मांडीवर वही घेऊन बसल्या होत्या आणि दोन आवृत्त्यांत जिथे फरक दिसेल तिथे नोंद करत होत्या. शेजारच्या आरामखुर्चीत दिग्दर्शक विश्वंभर हुपरीकर होते. गेली चार वर्षं त्यांचा स्मृतिभ्रंश वाढत चालला होता. बऱ्या दिवशी ते लेन्सचे आकडे घडाघडा सांगत, वाईट दिवशी जेवून उठल्यावर जेवायला कधी वाढणार म्हणून विचारत. आजचा दिवस बरा होता.

“यान काय झक्कास दिसतंय,” ते म्हणाले. “आपलं असलं नव्हतं गं, वैजू.”

“आपलं पत्र्याचं पिंप होतं, दादा. हलवलं की वाजायचं.”

हुपरीकर पोटभर हसले. नवीन आवृत्तीतलं यान खरंच देखणं होतं. डाव्या बाजूला मंगळाच्या आभाळात विजेची तार दिसत होती, उजवीकडे ती गायब झाली होती. वैजयंताबाईंनी अकरा फरक लिहिले आणि अकराही त्यांना मनापासून आवडले. याचा त्यांना थोडा रागही आला, कारण येताना त्या भांडायच्या तयारीने आल्या होत्या.

“ही नुसती झाडलोट नाही, मॅडम,” कंपनीच्या रेश्मा मुजावर म्हणाल्या. चाळिशीतल्या, बोलायला मऊ. “आम्ही याला हेतुसंकलक म्हणतो. सरांची पटकथा, पत्रं, मुलाखती, डायऱ्या, सगळं तो वाचतो. त्यांच्या मनात होता तो सिनेमा आणि हातून झाला तो सिनेमा, यातलं अंतर शोधून भरून काढतो.”

“आणि दादांनी हो म्हटलं तर?”

“मग इथून पुढे सगळीकडे हीच आवृत्ती राहणार. जुनी काढून घेतली जाईल. नको म्हणाले तर काम पुन्हा पहिल्यापासून. पण सांगायचं त्यांनीच. डॉक्टरांनी तसा दाखला दिलाय.”

वैजयंताबाईंचा जीव अडकला होता तो शेवटच्या दृश्यात. सिनेमातला बाप पृथ्वीवरच्या तळावर रेडिओपाशी बसलेला असतो. मुलाचं यान हरवलेलं असतं. बाप हाक मारतो आणि नंतर चार मिनिटं नुसती खरखर. तो ऐकत राहतो, सिनेमा संपतो. चित्रीकरणाच्या दीड वर्ष आधी हुपरीकरांचा सतरा वर्षांचा संग्राम पुण्याच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. ती चार मिनिटं कशाची आहेत हे युनिटमधल्या चहावाल्यालासुद्धा माहीत होतं, पण कुणी बोललं नाही. वितरक मात्र बोलला. “लोकांना वाटेल स्पीकर फुटला. खुर्च्या मोडतील.” वीस सेकंदांच्या वर एक क्षणही ठेवायला तो तयार नव्हता. हुपरीकर खोलीबाहेर निघून गेले आणि वैजयंताबाईंनी कापलं. पुढे सहा महिने ते त्यांच्याशी बोलले नाहीत. मूळ लांबीची प्रत ज्या डिस्कवर होती तीही नंतर बिघडून गेली. ही चार मिनिटं परत मिळावीत एवढ्याचसाठी वैजयंताबाई या तपासणीला तयार झाल्या होत्या.

शेवटचं दृश्य आलं. डावीकडे वीस सेकंदांत नामावली सुरू झाली. उजवीकडे खरखर चालू राहिली. वैजयंताबाई घड्याळ बघत होत्या. एक मिनिट झालं, दोन झाली. त्यांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांचं मनावरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं असं त्यांना वाटलं.

तिसरं मिनिट संपता संपता खरखर विरळ झाली आणि आतून आवाज आला.

“बाबा, ऐकायला येतंय. बोला की.”

स्वयंपाकघराच्या दारात हुपरीकरांच्या पत्नी कुमुदवहिनी भडंगाची ताटली घेऊन उभ्या होत्या. त्या तिथेच उंबऱ्यावर खाली बसल्या.

“हा संग्रामचा आवाज आहे,” वैजयंताबाई म्हणाल्या. “कुठनं आणला?”

“घरातल्या जुन्या कॅसेटी होत्या,” रेश्मा हळूच म्हणाल्या. “वाढदिवसाच्या.”

“मीच दिल्या,” वहिनी म्हणाल्या. “मला वाटलं, साफ करून देणारायत.”

वैजयंताबाई रेश्मांना घेऊन व्हरांड्यात गेल्या. “हे त्यांनी कधी लिहिलं नाही, शूट केलं नाही. अख्खा सिनेमा त्या न आलेल्या उत्तराचा आहे. तेच तुम्ही भरून टाकलंत?”

“लिहिलंय, मॅडम. डायरीत. ‘एकदा तरी बोल रे’, दोनशे बारा वेळा.”

“ते बापानं लिहिलंय. सिनेमा दिग्दर्शकानं केला.”

“हेतुसंकलकाला हा फरक कळत नाही,” रेश्मा म्हणाल्या. “खरं सांगू? मलाही नीट कळला नाही. तुम्ही सरांना सांगा. ते नको म्हणाले तर मी आत्ता थांबवते.”

सांगायचं म्हणजे काय सांगायचं, हे वैजयंताबाईंना चांगलं ठाऊक होतं. गेल्या वर्षी हुपरीकरांनी संग्रामबद्दल विचारलं आणि वहिनींनी खरं काय ते सांगितलं. बातमी आजच आल्यासारखे ते दिवसभर ओरडून रडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच विचारलं. तेव्हापासून त्यांनी विचारलं की संग्राम पुण्याला असतो.

त्या आत आल्या. हुपरीकर खुर्चीच्या कडेला सरकून भिंतीकडे बघत होते.

“दादा, हा शेवट...”

“बोलला की गं तो!” हुपरीकर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. मग ते वळले आणि वैजयंताबाईंकडे रोखून बघू लागले. “तूच कापलं होतंस ना हे? चार मिनिटं कापलीस. पोरगं माझ्याशी बोलत होतं आणि तू कात्री चालवलीस.”

वैजयंताबाईंनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी मान हलवली, अगदी थोडी. नको.

“वाट बघून डोळे गेले माझे,” हुपरीकर म्हणत होते. “का कापलंस, वैजू?”

तेहतीस वर्षं त्यांनी या प्रश्नाचं उत्तर मनात घोकून ठेवलं होतं. वितरक, खुर्च्या, वीस सेकंद. त्यातला एक शब्दही आता उपयोगाचा नव्हता. ज्या गुन्ह्याची त्यांना खंत होती तो राहिला बाजूला, आणि न केलेला गळ्यात पडला. तो नाकारायचा तर या माणसाला त्याचा मुलगा आज पुन्हा मारून द्यायला हवा होता.

“चुकलं, दादा,” त्या म्हणाल्या. “माझ्याच हातून कापलं गेलं.”

“जाऊ दे. सापडलं ना शेवटी.” हुपरीकरांनी त्यांचा हात थोपटला.

रेश्मांनी नियमाप्रमाणे विचारलं, “सर, ही आवृत्ती तुमची आहे का?”

“माझीच. दुसऱ्या कुणाची असणार?”

साक्षीदार म्हणून वैजयंताबाईंनी सही केली. फरक क्रमांक बारासमोर त्यांनी काहीच लिहिलं नाही. डीव्हीडी काढून त्या पर्समध्ये ठेवू लागल्या तेव्हा हुपरीकर पुन्हा शेवटचं दृश्य लावायला सांगत होते.

वहिनी येऊन वैजयंताबाईंजवळ बसल्या. चौऱ्याहत्तर वर्षांची ही बाई स्वतः ससूनला जाऊन मुलाला ओळखून आली होती. त्या बराच वेळ उजवीकडची खरखर ऐकत राहिल्या, मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “वैजू, तू कापलंस त्यात नक्की काही नव्हतं ना गं?”

“नुसती खरखर होती, वहिनी. मीच भरली होती.”

वहिनींनी मान डोलावली. पण त्यांनी वैजयंताबाईंचा हात सोडला नाही.

“पण कापायच्या आधी एकदा शेवटपर्यंत ऐकली होतीस?”