प्रेमानंदचा ठिपका

मे महिन्याच्या दुपारी कामठी रोडवरच्या कुठल्याही गॅरेजात एकच माणूस सुखी असतो, कूलरसमोर खुर्ची मिळालेला. ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे, मेट्रोच्या खांबांना लागून असलेल्या त्या गॅरेजात ती खुर्ची नानाजींची होती. नानाजींना आता दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसे, पण चालू इंजिनाचा आवाज ऐकून ते अजूनही दुखणं सांगत. येत्या रविवारी ते खापरखेड्याला लेकीकडे कायमचे राहायला जाणार होते.

घरी बायको मेघा आणि दोन मुली असा भरला संसार असूनही अंकुशच्या जिवाला त्या रविवारचाच घोर लागला होता. बावीस वर्षं तो नानाजींच्या हाताखाली राबला. नानाजी कधी कुणाला शाबासकी देत नसत. काम मनासारखं झालं की फक्त म्हणत, "जमलं." हा शब्द अंकुशच्या वाट्याला एकदाही आला नव्हता. प्रेमानंदच्या वाट्याला मात्र उठता-बसता यायचा. दोघं एकाच वर्षी गॅरेजात आले, एकाच ताटात जेवले, आणि अंकुश त्याच्यावर मनातल्या मनात जळत राहिला. चौदा महिन्यांपूर्वी प्रेमानंदचं हृदय बंद पडलं. अंकुशनं खांदा दिला, रडलाही. पण परतताना त्याच्या मनात आलं होतं की आता तरी म्हातारा आपल्याला जमलं म्हणेल. म्हाताऱ्यानं तेव्हापासून तो शब्दच टाकून दिला होता.

बुधवारी प्रेमानंदची बायको सरिता गाडी घेऊन आली. कन्हानच्या दवाखान्यात ती नर्स होती. नवरा गेल्यावर गाडी शिकली आणि सहा महिन्यांपूर्वी तिनं ही जुनी पांढरी गाडी घेतली.

"जयभीम भाऊजी. लय तेल पिऊन राहिली ही," ती म्हणाली. "आन् इंजिनावर सगळा चिकटा."

अंकुशनं इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण सैल केलं. झाकण जागच्या जागी नाचू लागलं आणि खालून धूर आला. शिकाऊ मेकॅनिकही हे पाहून सांगेल ते त्यानं सांगितलं, आणि नानाजींना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या, वहिनी. इंजिन खोलावं लागते."

सरितेचा चेहरा उतरला. नानाजींनी मान फिरवली नाही. कूलर खडखडत राहिला. ही गप्प राहण्याची तऱ्हा अंकुशला पाठ होती आणि ती त्याला शिवीहून जास्त झोंबायची.

चिडून तो पुन्हा बॉनेटखाली वाकला, तेव्हा त्याला ठिपका दिसला. इंजिनात कोंडणारी वाफ बाहेर ओढून घेणारा एक अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह असतो. त्याच्या नळीच्या क्लिपवर पिवळ्या ऑइलपेंटचा ज्वारीएवढा ठिपका होता. गाडीचा प्रत्येक भाग तपासून झाला की प्रेमानंद आगपेटीच्या काडीनं तिथे असा ठिपका द्यायचा. हे मी पाहिलं, असा त्याचा अर्थ. नागपुरात दुसरं कुणी असं करत नव्हतं.

"ही गाडी आधी कोनाले दाखवली होती?"

"कोनालेच नाई. घेतल्यापासून तुमीच पहिले."

असेल कुणाचा तरी रंग उडालेला, असं म्हणून त्यानं ठिपक्यावर बोट फिरवलं. रंग बोटाला लागला. ओला होता.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. अंकुशला राग आला. मेला तरी हा आपल्या आधी पोचला, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. त्यानं पेट्रोलच्या फडक्यानं ठिपका पुसून काढला, बोटही पुसलं, आणि मुद्दाम त्या व्हॉल्व्हकडे पाठ फिरवून प्लग काढायला घेतले. रिंगा गेल्यात हे तो मीटर लावून सिद्ध करणार होता. मेलेल्या माणसाचं ऐकून काम करायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

पहिल्या सिलेंडरचं प्रेशर बरोबर आलं. दुसऱ्याचं, तिसऱ्याचं आणि चौथ्याचंही. रिंगा ठणठणीत होत्या. धडधाकट इंजिन तो उगाच फाडायला निघाला होता, आणि तेही नानाजींसमोर.

त्यानं मान वळवली. पुसलेल्या क्लिपवर ठिपका पुन्हा आला होता. उन्हाच्या तिरिपेत चकाकत होता. बाजूला कुणी नव्हतं. सरिता दाराशी पाण्याच्या माठाजवळ उभी होती.

"काहून थांबला गा?" नानाजींनी खुर्चीतून विचारलं.

"नाई. पाहून राहिलो."

अंकुशनं क्लिप सोडली. व्हॉल्व्ह उपसून कानाजवळ हलवला. चांगला व्हॉल्व्ह हलवला की आत टिकटिकतो. हा मुका होता. काळ्या गाळानं जाम झाला होता आणि वाट न मिळालेली वाफ तेलाला घेऊन मिळेल त्या फटीतून बाहेर पडत होती. बस, एवढंच दुखणं. त्यानं नळी धुतली, चौकातल्या दुकानातून नवा व्हॉल्व्ह आणून बसवला. हात झरझर चालत होते. इतक्या सफाईनं ते कधीच चालले नव्हते, आणि हे त्याला आवडलं. आपल्यात काय कमी होतं, असं त्याच्या मनात आलं.

क्लिप आवळून झाल्यावर त्याचं हाताकडे लक्ष गेलं. चिमटीत आगपेटीची काडी होती. टोकाला पिवळा रंग.

गॅरेजात रंगाचा डबा नव्हता.

ठिपका देऊन झाला होता.

त्यानं गाडी चालू केली. झाकण सैल केलं तरी जागचं हललं नाही. धूर नव्हता. नानाजी उठले, भिंतीला धरत आले, लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाला लावली. बराच वेळ ऐकलं.

"जमलं," ते म्हणाले.

बावीस वर्षं.

नानाजींनी चाचपडत त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मले माहीत होतं, तूच करशील. त्या अंकुशले जमणारी गोष्ट नव्हती ते, प्रेमानंद."

मी अंकुश आहे, असं त्याला सांगायचं होतं. तेवढं सांगितलं तर म्हातारा शब्द परत घेईल, हेही त्याला कळत होतं. खांद्यावरचा हात ऊबदार होता.

"हव, नानाजी," तो म्हणाला.

कूलर थांबला होता. वीज गेली असावी. सरिता जवळ आली आणि त्याच्याकडे एकटक पाहत राहिली. मग तिनं पदरानं त्याच्या कपाळावरचा काळा डाग पुसला.

"घरी चला. जेवाची वेळ झाली," ती म्हणाली. भाऊजी म्हणाली नाही.

त्याला भूक लागली होती. पान्यांच्या ट्रेमध्ये कुणाचा तरी मोबाइल वाजत होता. त्यानं वाकून पाहिलं. मेघा असं नाव होतं. नावाखाली फोटो होता, फुटाळा तलावावर काढलेला. एक बाई, दोन मुली आणि त्यांच्यामध्ये हसणारा एक माणूस, धाकटीला खांद्यावर घेतलेला.

बाईला त्यानं ओळखलं नाही. माणसाला मात्र लगेच ओळखलं. तो अंकुश होता.

फोन वाजून वाजून बंद पडला. फोटो जाईपर्यंत तो पाहत राहिला. जिवंत, धडधाकट, भरल्या घरातला माणूस, आणि त्याला त्या अंकुशचा हेवा वाटला.