तेरावी स्लाइड

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्याच डोळ्यावर बेतलेली आहे. पटो न पटो, सांगते.

मंगळवार. सकाळचे सव्वाअकरा. आमच्या शाळेची प्रयोगशाळा. बाहेर लख्ख ऊन.

पण आधी माझं पाप सांगायला हवं.

त्याच्या सहा वर्षं आधी मी मायक्रोस्कोपला मोठी लेन्स लावली आणि घाईत मोठा स्क्रू फिरवला. लेन्स सरळ स्लाइडवर आदळली.

कट्ट!

नवीकोरी लेन्स तडकली. प्रयोगशाळा सांभाळणारे मामा मला कायम बजावायचे, "बाई, आधी बाजूनं बघा, मग डोळा लावा. आणि मोठ्या लेन्सला फक्त बारीक स्क्रू."

माझी बढती तोंडावर आली होती. मी मामांचं नाव सांगितलं.

त्यांची नोकरी गेली. जाताना एवढंच म्हणाले, "तुम्हाला माहितीये बाई. मलाही माहितीये." वर्षभरात ते खचून वारले. बढती मला मिळाली.

तर, त्या मंगळवारी मुलांनी कांद्याचा पापुद्रा पाहिला. मग टूथपिकनं गाल आतून खरवडून, निळा रंग टाकून स्वतःच्या पेशी. नुसता कलकलाट. "बाई, ह्याच्या गालात मेंदू सापडला!" मीही हसले.

मुलं बारा. स्लाइडी गोळा केल्या...

तेरा.

तेराव्या स्लाइडवरचा निळा रंग अजून ओघळत होता.

"ही कुणाची?"

पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली, "मामांची. म्हणाले, बाईंना मोठ्या लेन्सवर दाखव."

ही मुलगी शाळेत आली, तेव्हा मामांना जाऊन चार वर्षं झाली होती.

"कोण मामा?"

"हे काय, तुमच्या मागे..."

मी वळले. कुणीच नव्हतं. कपाटाचं दार तेवढं हळूहळू मिटत होतं.

मुलांसमोर घाबरायची सोय नव्हती. कुणीतरी चेष्टा करतंय, असं म्हणून मी ती स्लाइड मोठ्या लेन्सखाली ठेवली आणि डोळा लावला. घाईतच. बाजूनं न बघता.

गालाच्या साध्या पेशी. फिकट निळ्या, मधे गडद ठिपका.

मग त्या धूसर झाल्या... लेन्स खाली येत होती.

माझे दोन्ही हात टेबलावर होते.

डोकं मागे घेता येईना. मानेवर कुणाचा तरी ओला तळवा होता.

"आधी बाजूनं बघायचं, बाई."

कट्ट!

लेन्स धड होती. स्लाइड धड होती. माझ्या उजव्या डोळ्यात मात्र कळ गेली, आणि तेव्हापासून नजरेत आडवा तडा आहे. तीन डॉक्टर झाले. तिघंही म्हणतात, डोळा ठणठणीत आहे.

आता मी मुख्याध्यापिका आहे. लेन्स मी फोडली, मामा निर्दोष होते, असा कागद लिहून ठेवलाय. फक्त सही बाकी आहे. रोज म्हणते, उद्या करते.

आज दुपारी कागद काढला, वाचला, पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवला.

आणि...

कट्ट!

या वेळी डावा डोळा.