पुलाअलीकडे थांबलेली गाडी

ठेवा तो मोबाईल खाली. मघापासून बघतोय, या देशातले पोलीस गाडी कशी उडवतात, त्या देशातले कशी ठोकतात, एवढंच चाललंय तुमचं. मजा येते, मान्य. माझा उभा जन्म पोलिसांच्या गाड्यांखाली आडवं पडून गेलाय, मला काय सांगता! पण आता ऐका. ही गोष्ट बघितलेली नाही, घडलेली आहे. मध्येच उठून कुणी पाणी प्यायला जायचं नाही.

आमच्या पोलीस ठाण्यात एक ड्रायव्हर होती. तिला सगळे ब्रेकबाई म्हणायचे. एकदा तिला ट्रेनिंगला पाठवलं होतं, तिथे देशोदेशीचे उस्ताद आले होते. एका देशात पळणाऱ्याच्या मागच्या चाकाशी हलकीच धडक देतात, गाडी गरकन फिरते. दुसरीकडे रस्त्यावर खिळ्यांची पट्टी टाकतात. कुठे चार गाड्या चहूबाजूंनी घेरतात आणि सावकाश थांबवतात. ती सगळं शिकली. पण परत आल्यावर म्हणाली काय? "काही ठिकाणी वेग फार वाढला की सरळ सोडून देतात. नंबर घेतलाय ना, मग उद्या घरी जाऊन धरू म्हणतात. सोडून देणंही शिकावं लागतं." झालं! त्या दिवसापासून ती ब्रेकबाई.

ती हसण्यावारी न्यायची. तिचा मोठा भाऊ त्याच ठाण्यात ड्रायव्हर होता, तोही चिडवायचा. घरी तिला तो चिमे म्हणायचा.

हा भाऊ गेला पाठलागातच. एका पांढऱ्या गाडीच्या मागे त्याची जीप सुटली, शेजारी एक कोवळा शिपाई होता. नदीच्या पुलावर वळण आहे, तिथे जीप कठडा तोडून खाली गेली. दोघेही गेले. पांढरी गाडी सापडलीच नाही. चौकशीत कंट्रोल रूमचे साहेब म्हणाले, "मी वायरलेसवर सोडून द्या म्हणालो होतो. ड्रायव्हरने ऐकलं नाही." संपलं. लोक म्हणायला लागले, वेडा ड्रायव्हर, त्या पोराला घेऊन मेला. त्या शिपायाच्या आईने ब्रेकबाईच्या दारात येऊन शिव्या दिल्या. यांच्या आईने मान खाली घालून ऐकून घेतल्या. भावाचं ताट मात्र ती रोज वाढून ठेवायची.

पुढे त्याच वळणावर गस्तीची आणखी एक गाडी खाली गेली. तिचा ड्रायव्हर पाय मोडून वाचला. तो एवढंच म्हणत राहिला, "पुढे आपलीच जीप होती... मी तिच्या मागे गेलो."

कुणी विश्वास ठेवला नाही. पण रात्री त्या रस्त्याने जायचं सगळ्यांनीच बंद केलं.

सतरा जानेवारीची रात्र. मंगळवार. सव्वाअकरा वाजले होते. ब्रेकबाई आमच्या वर्कशॉपमधून गस्तीची गाडी घ्यायला आली. सोबत हवालदारमामा, रिटायर व्हायला आलेला माणूस. मी किल्ली दिली. म्हटलं, "ब्रेक नवे टाकलेत, जरा बेताने दाब."

"ब्रेकबाईला ब्रेकचं काय शिकवता, काका?"

"आणि पुलावरून जाऊ नकोस. लांबून जा."

"का? भाऊ माझा गेला तिथे. भ्यायचं असेल तर मी भ्यायचं. आणि मी नाही भीत."

गेली. पुढचं तिने आणि मामांनी मला वेगवेगळं सांगितलं. शब्दाला शब्द जुळला.

गाव मागे पडलं. मामांनी टोपी तोंडावर ओढली आणि घोरायला लागले. रस्ता मोकळा, हवा गार. ती गुणगुणत गाडी चालवत होती. तेवढ्यात आरशात लाल-निळा दिवा चमकला. तिने गाडी कडेला घेतली.

आधी पांढरी गाडी गेली. इतकी जवळून, की यांची गाडी हलली. पण आवाज नाही. मग जीप गेली. दिवा फिरतोय. सायरन नाही. इंजिनाचा आवाज नाही.

तिने मागचा नंबर वाचला.

"मामा... उठा."

मामांनी टोपी सरकवली, पाहिलं, आणि त्यांची झोप कायमची उडाली. पोरांनो, ती जीप मी माझ्या हाताने भंगारात तोडली होती.

वायरलेस खरखरला.

"चिमे... मागे ये. दोघं मिळून अडवू."

तिचा पाय ॲक्सिलरेटरवर आपोआप दाबला गेला. गाडी उसळली.

"पोरी, तो नाहीये गं!"

"आवाज त्याचाच आहे, मामा."

"असू दे! थांब!"

"एकटा आहे तो... मदत मागतोय."

वेग वाढला. जीप पुढे. तेवढंच अंतर. कमी होईना, वाढेना. मग वायरलेसवर दुसरा आवाज आला. जाड, सावकाश.

"सोडू नका. काहीही झालं तरी सोडायचं नाही. माझा हुकूम आहे."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. हा आवाज दोघंही ओळखत होते. चौकशीत शपथेवर बोललेला आवाज.

"साहेब..." मामा पुटपुटले. "म्हणजे हे चौकशीत खोटं बोलले..."

पूल आला. वळण आलं. जीपचे ब्रेकलाइट लागलेच नाहीत. "चिमे, ये... चिमे..."

तिने दोन्ही पाय ब्रेकवर दिले.

गाडी किंचाळली. आडवी झाली. थांबली. समोर जीप नव्या कठड्यातून आरपार गेली.

आवाज नाही. पाण्याचासुद्धा नाही.

...

 मामांचे ओठ हलत होते. आणि मागे, लांब, पुन्हा लाल-निळा दिवा.

"परत येतायत," मामा म्हणाले. "पळ."

"रोज येत असतील, मामा. रोज रात्री हेच... हाच हुकूम ऐकत..."

तिने गाडी वळवली. पुलाअलीकडे नेऊन रस्त्यावर आडवी लावली. दार उघडून खाली उतरली. वायरलेसचा माईक ताणून हातात धरला आणि उघड्या दाराशी उभी राहिली. मामा ओरडत होते. तिने ऐकलं नाही.

पांढरी गाडी आली. तिच्या अंगावरून... अंगातून गेली. हाडं गारठली. ती हलली नाही.

मागे जीप.

"सोडू नका," वायरलेस म्हणाला. "काहीही झालं तरी..."

"गप्प बसा!" तिने माईकमध्ये सांगितलं. "हा हुकूम मी मोडतेय. ऐकू येतंय ना कंट्रोल? मो-ड-ते-य. काय करायचं ते करून घ्या."

खरखर.

"आणि दादा, तू ऐक. पाठलाग बंद. जाऊ दे ती पांढरी गाडी. तुझी काही चूक नव्हती. वेग कमी कर. त्या पोरालाही त्याच्या आईकडे जायचंय."

जीप येत होती.

"आई ताट वाढून बसते रे अजून! बास झालं. घरी चल!"

जीप येत होती...

येत होती...

मंदावली.

तिच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर थांबली. लाल उजेड तिच्या तोंडावर. मग निळा. मग लाल.

मग अंधार.

वायरलेसवर कुणीतरी श्वास सोडला. आणि एकच शब्द आला.

"बरं."

परतताना तिने गाडी फार हळू चालवली. मामा म्हणतात, रस्ताभर त्यांनी मान मागे वळवली नाही. तिनेही आरसा वर करून टाकला.

दुसऱ्या दिवशी ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब आता मोठ्या खुर्चीत होते. ती म्हणाली, "'काहीही झालं तरी सोडायचं नाही. माझा हुकूम आहे.' हे तुमचेच शब्द ना?" साहेब आधी हसले. मग बेल वाजवायला हात पुढे केला, तो बेलपर्यंत पोचेना. त्यांनी कबूल काही केलं नाही. नोकरीची धमकी दिली. ती म्हणाली, "काढा. बाहेर जाऊन मोठ्याने सांगेन." आणि सांगत राहिली, मामांना शेजारी उभं करून, प्रत्येक चौकशीत, चहाच्या टपरीवर, भर रस्त्यात. साहेबांनी पुढे आपणहून राजीनामा दिला. भावाला वेडा ड्रायव्हर म्हणायची कुणाची छाती राहिली नाही. शिपायाची आई पुन्हा यांच्या दारात आली, तेव्हा दोघी म्हाताऱ्या उंबऱ्यावर बसून कितीतरी वेळ रडल्या.

त्या पुलावर मी स्वतः रात्री जातो आता. काही नाही तिथे.

पण त्या सकाळी गाडी माझ्याकडे आली होती, इतक्या जोरात ब्रेक मारल्यावर तपासायला नको? मी पुढचं पाहिलं, चाकं पाहिली, मग मागचं दार उघडलं.

मागच्या सीटवर त्या रात्री कुणी बसलं नव्हतं. पण सीटबेल्टचे दोन्ही पट्टे लावलेले होते. आणि ते सीटला टेकलेले नव्हते रे पोरांनो. वीतभर पुढे, हवेत, ताणलेले होते... पट्ट्याआत माणूस बसलेला असला की राहतात, तसे.